मरिनर्सच्या २०२६ च्या मोसमाकडून तुमची नेमकी अपेक्षा काय आहे?

सरोवरकाठी
नमस्कार मंडळी,

ॲरिझोनातील पिओरिया येथे सिएटल मरिनर्सचे सराव सामने सुरू झाले आहेत, २६ मार्चला खरा मोसम उघडतो आहे, आणि दरवर्षीप्रमाणे यंदाही माझ्यापुढे तोच प्रश्न आहे की या संघाकडून किती अपेक्षा ठेवावी. फरक इतकाच की गेली चौदा वर्षे मी हा प्रश्न हसत हसत विचारत आलो, आणि यंदा विचारताना थोडी धास्ती वाटते.

बेसबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत ३० संघ आहेत आणि त्यांपैकी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरी, एकदाही न गाठलेला संघ एकच आहे, तो म्हणजे १९७७ साली स्थापन झालेला आमचा मरिनर्स. २००१ साली या संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकून शिकागो कब्जच्या १९०६ च्या विक्रमाशी बरोबरी केली, तरीही न्यूयॉर्क यांकीजने त्यांना अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरून परत पाठवले. त्यानंतर प्लेऑफचे, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचे, तोंड दिसायला २०२२ साल उजाडावे लागले.

गेल्या वर्षी मात्र ९० विजयांसह आपण २००१ नंतर प्रथमच विभागात पहिले आलो, डेट्रॉइटला पाचव्या सामन्यात १५ इनिंगांनंतर (एरवी नऊच असतात, प्रत्येकीत दर संघाचे तीन बाद) हरवले आणि टोरांटोविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत पोहोचलो. त्या सामन्यात सातव्या इनिंगमध्ये आपण ३-१ ने पुढे होतो, टोरांटोचा एक खेळाडू बाद झाला होता, आणि इतिहास घडायला आणखी फक्त आठ बाद हवे होते. २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. माझ्या एका हातात पूजेचे तबक होते आणि दुसऱ्या हातात फोन. जॉर्ज स्प्रिंगरने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला, तीन धावा झाल्या, आणि तबकातील हळदीकुंकवाचे काय झाले हे येथे न सांगितलेले बरे.

आता मुद्द्यावर येतो. यंदा तुम्ही नेमके कशावर समाधान मानाल? प्लेऑफ पुरे आहे, विभागात पहिला क्रमांक हवा आहे, की वर्ल्ड सिरीजपेक्षा कमी काहीही आले तर मोसम वाया गेला असे तुम्ही म्हणाल? कृपया "बघू या" असे उत्तर देऊ नये.

अर्धवटराव
माझी अपेक्षा अगदी माफक आहे. सातव्या इनिंगमध्ये धावफलक तंग असेल आणि समोर स्प्रिंगर उभा असेल, तर बुलपेनमधून, म्हणजे राखीव गोलंदाजांतून, आंद्रेस मुनोझला बोलवावे. बाकी संघाने काय करायचे ते करावे.

दख्खनची राणी
मी रेडमंडला तीन वर्षे होते आणि आता पुण्यात परत येऊनही सहा वर्षे झाली, पण हा संघ काही सुटला नाही. सिएटलमधील संध्याकाळी ६.४० चा सामना उन्हाळ्यात आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१० ला सुरू होतो, त्यामुळे माझ्या पहिल्या चहाबरोबर पहिला पिचर, म्हणजे गोलंदाज, येतो आणि डब्याची पोळी भाजून होईपर्यंत तिसरी इनिंग संपते. डेट्रॉइटविरुद्धचा तो १५ इनिंगांचा सामना आमच्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचनंतर सुरू झाला आणि साडेदहा वाजून गेले तरी चालूच होता. त्यांच्या टॅरिक स्कुबलने सहा इनिंगांत आपले १३ जण बाद केले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हा मुलगा जाईपर्यंत तुम्ही नुसते उभे राहा." तो गेला, आपण उभे राहिलो, आणि पोलँकोने जिंकून दिले. इतके सोपे विश्लेषण मी कोणत्याही वाहिनीवर ऐकलेले नाही.

माझी अपेक्षा एकच आहे. हुलिओ रॉड्रिगेझने यंदा एप्रिलपासून खेळावे. तो दरवर्षी पहिले दोन महिने चाचपडतो, जुलैनंतर पेटतो आणि शेवटी, २०२३ व २०२५ प्रमाणे, ३० होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले चेंडू) व ३० चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना धावून गाठलेले पुढचे ठाणे) असे आकडे दाखवून आपल्याला गप्प करतो. प्लेऑफ एका सामन्याने हुकण्याची वेळ २०२३ मध्ये आली आणि २०२४ मध्येही आली. तो एक सामना मे महिन्यातच कुठेतरी हरलेला असतो.

शंकासुर
धागाकर्त्यांच्या हळदीकुंकवाबद्दल सहानुभूती आहे, पण यंदा अपेक्षा वाढवण्याचे कारण मला दिसत नाही, आणि ते मी मुद्देसूद मांडतो.

आपला कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा खेळाडू, कॅल रॅले याने गेल्या वर्षी ६० होमरन मारले. कॅचरने एका मोसमात मारलेल्या होमरनचा आधीचा विक्रम साल्व्हाडोर पेरेझचा ४८ चा होता. दोन्ही हातांनी फलंदाजी करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचे ५४ सर्वाधिक होते, आणि मरिनर्सच्या इतिहासात केन ग्रिफी ज्युनियरचे ५६. एका माणसाने हे तिन्ही विक्रम एकाच वर्षात मोडले, तेही गुडघे मोडून कॅचरची जागा सांभाळत आणि १५९ सामने खेळून. असे वर्ष पुन्हा येत नाही. त्याने ४० मारले तरी ते उत्कृष्ट ठरेल, पण मग उरलेले २० कोण मारणार? डेट्रॉइटविरुद्ध तारणारा पोलँको न्यूयॉर्क मेट्सकडे निघून गेला आहे.

त्यातच मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक आहे. रॅले अमेरिकेकडून, हुलिओ डॉमिनिकन रिपब्लिककडून, मुनोझ आणि अरोझारेना मेक्सिकोकडून आणि नेलर कॅनडाकडून खेळणार आहेत. २०२३ च्या त्याच स्पर्धेत एडविन डियाझ सामना जिंकल्याच्या आनंदात नाचताना गुडघा दुखावून घेऊन वर्षभर घरी बसला होता, याची आठवण करून देतो.

न्यूयॉर्कवासी
सत्तावीस विजेतेपदे असलेल्या संघाचा चाहता म्हणून तुमची ही चर्चा मी कौतुकाने वाचत आहे.

अर्धवटराव
न्यूयॉर्कवासी, शेवटचे विजेतेपद २००९ चे आहे. त्या वर्षी जन्मलेली मुले आता गाडी चालवायला शिकत आहेत.

आकडेमोड
शंकासुर यांचे रॅलेविषयीचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यांनी ताळेबंदाची एकच बाजू मांडली आहे. गेल्या वर्षीचे ९० विजय हे पिचर धडधाकट असतानाचे नव्हते. कर्बी मोसमाच्या सुरुवातीला खांद्यामुळे बाहेर होता, गिल्बर्ट एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत नव्हता, मिलरच्या कोपराने वर्षभर त्रास दिला, आणि ज्या ब्रायन वूने आपल्या पहिल्या सलग २५ सामन्यांत किमान सहा इनिंग टाकल्या तोच नेमका सप्टेंबरमध्ये छातीच्या स्नायूने अडला. हे चौघे आणि कास्तियो यांनी मिळून जर १४० सामन्यांची सुरुवात केली, तर रॅलेचे २० होमरन कमी झाले तरी फारसे बिघडणार नाही. आपले मैदान असे आहे की समुद्राकडून येणाऱ्या थंड, दमट हवेत चेंडू फार लांब जात नाही. तेथे होमरन विकत घेण्यापेक्षा धावा वाचवणे स्वस्त पडते.

आता बदलांविषयी. जोश नेलरला पाच वर्षांसाठी ठेवून घेतले, ही हिवाळ्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. धावण्यात हा माणूस स्पर्धेतील सर्वांत संथ खेळाडूंपैकी एक आहे, तरी त्याने गेल्या वर्षी ३० बेस चोरले, कारण तो पायांनी चोरत नाही, पिचरच्या सवयी वाचून चोरतो. वॉशिंग्टनच्या संघाला हॅरी फोर्ड हा तरुण कॅचर देऊन होजे फेरेर हा डावखुरा रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात येणारा पिचर) घेतला, आणि सेंट लुईसकडून ब्रेंडन डोनोव्हन आणला. म्हणजे सातव्या सामन्याच्या सातव्या इनिंगमध्ये जी फट दिसली, तिच्यावर कोणीतरी विचार केलेला आहे.

एक गोष्ट कोणी अजून बोललेले नाही. यंदापासून स्ट्राइक-बॉलच्या (चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की बाहेरून, या) निर्णयावर यंत्राकडे दाद मागता येणार आहे. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन संधी मिळतील, दाद बरोबर ठरली तर ती संधी शाबूत राहील, आणि ती फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच, बाहेरून कोणतीही खूण न घेता, लगेच डोक्यावर हात ठेवून मागायची आहे. रॅलेसारख्या कॅचरचे एक कौशल्य म्हणजे कडेचा चेंडू असा झेलायचा की अंपायरला तो आतला वाटावा. त्या कौशल्याचे मोल यामुळे थोडे उतरेल. पण कोणता निर्णय यंत्राकडे न्यायचा आणि कोणता सोडून द्यायचा हे ओळखण्याचे मोल चढेल.

दख्खनची राणी
आकडेमोड, हे म्हणजे धोनीचेच काम झाले. डीआरएसला आपल्याकडे लोक "धोनी रिव्ह्यू सिस्टिम" म्हणत असत ते उगीच नाही, कारण यष्टीमागून जे दिसते ते गोलंदाजाला दिसत नाही आणि गोलंदाजाचा तर प्रत्येक चेंडू यष्टीवरच असतो. माझा अंदाज आहे की पिचरांना दाद मागायला संघ लवकरच बंदी घालतील.

टोरांटोकर
शत्रुपक्षाकडून नमस्कार. येण्यापूर्वी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आहेत.

सिएटलच्या मंडळींना एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. आपले दोन्ही संघ जुळे आहेत. मरिनर्स आणि ब्लू जेज एकाच वर्षी, १९७७ साली, एकाच लीगमध्ये दाखल झाले. आम्हाला १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळाली आणि मग ३२ वर्षे आम्ही वर्ल्ड सिरीजचे तोंड पाहिले नाही. तुम्हाला वाटते तितके सुख आमच्याही वाट्याला आले नाही. तुम्हाला हरवून आम्ही वर्ल्ड सिरीजमध्ये गेलो आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्ध सातव्याच सामन्यात नवव्या इनिंगमध्ये दोन बाद दूर असताना मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली, आणि अकराव्या इनिंगमध्ये आम्ही ५-४ ने हरलो. तुम्ही आठ बादांवरून हरलात, आम्ही दोनांवरून. तेव्हा रडण्याच्या रांगेत कृपया आम्हाला पुढे जाऊ द्यावे.

आणि स्प्रिंगरविषयी एक सांगतो, राग मानू नये. तुमच्या मैदानावरील पाचव्या सामन्यात वूचा चेंडू त्याच्या गुडघ्यावर बसला, तो लंगडत बाहेर जात होता, आणि तुमच्या प्रेक्षकांतील काही जण त्याची हुर्यो उडवत होते. सातव्या सामन्यात तो त्याच गुडघ्यावर उभा राहिला. मी नास्तिक आहे, पण त्या रात्री क्षणभर डगमगलो.

सरोवरकाठी
टोरांटोकर, मी त्या दिवशी मैदानात होतो आणि ती हुर्यो मी ऐकली आहे. माझ्या रांगेतील एका आजोबांनी ओरडणाऱ्या मुलाला खांद्याला धरून खाली बसवले हेही पाहिले. त्यापूर्वी काही क्षण अगोदरच्या सामन्यांतील जुने राग उफाळून आले होते, पण जखमी माणसाला हसणे हे शोभत नाही, आणि ते आमच्या अंगलट आले असे मीही मानतो. (त्याच सामन्यात आठव्या इनिंगमध्ये सुआरेझने चार धावांचा होमरन मारला, तेव्हा मात्र मीच इतका ओरडलो की दोन दिवस कार्यालयात खुणांनी बोलत होतो.)

शंकासुर
अपेक्षा ठेवण्याच्या बाजूने एकही पूर्वोदाहरण कोणी दिलेले नाही, म्हणून विरुद्ध बाजूचे एक मीच देतो. २००३ साली शिकागो कब्ज वर्ल्ड सिरीजपासून पाच बाद दूर होते आणि तीन धावांनी पुढे होते. ते हरले. पुढच्या वर्षी सर्वांनी म्हटले की आता यांचीच पाळी, आणि ते प्लेऑफमध्येसुद्धा पोहोचले नाहीत. त्यांना विजेतेपद मिळाले २०१६ साली. "गेल्या वर्षी जवळ आलो होतो" हे वाक्य म्हणजे पुढच्या वर्षाची हमी नव्हे.

आकडेमोड
शंकासुर यांनी अर्धेच उदाहरण सांगितले. त्याच २००३ च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टन रेड सॉक्सदेखील, यांकीजविरुद्ध सातव्या सामन्यात, तीन धावांची आघाडी असताना बरोबर पाचच बाद दूर होते आणि हरले. पुढच्याच वर्षी त्यांनी यांकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून सलग चार सामने जिंकले आणि १९१८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. म्हणजे एकाच महिन्यात दोन संघ सारख्याच अंतरावरून परत फिरले, आणि पुढच्या वर्षी एक शिखरावर गेला व दुसरा घरी बसला.

मला या दोघांतील फरक महत्त्वाचा वाटतो. बॉस्टनने त्या हिवाळ्यात कर्ट शिलिंग हा सुरुवातीचा पिचर आणि कीथ फॉल्क हा क्लोजर (सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर) आणला. ज्या जागी संघ फाटला होता, त्याच जागी ठिगळ लावले. थकलेल्या पेद्रो मार्टिनेझला मैदानात ठेवणाऱ्या व्यवस्थापकाचाही करार त्यांनी पुढे वाढवला नाही. आपल्याकडे व्यवस्थापक डॅन विल्सनने वूला सातव्या इनिंगसाठी पाठवले, मग बझार्डोला आणले आणि मुनोझला बसवून ठेवले, यावर अर्धवटराव चार महिने बोलत आहेत. विल्सन मात्र कायम आहे, आणि मला ते मान्य आहे, कारण चूक एका रात्रीची होती आणि त्याने उभा केलेला संघ वर्षभराचा होता. फेरेर हा आपला फॉल्क ठरेल असे मी म्हणत नाही. पण प्रश्न बॉस्टनने विचारला होता तोच विचारला गेला आहे.

अर्धवटराव
पाच महिने. चार नाही.

नागपूरकर
बेसबॉलमधील मला फारसे कळत नाही, परंतु पूर्वोदाहरणच हवे असेल तर ते इतके लांब शोधायला नको. आमच्या विदर्भाने रणजी करंडकात १९५७-५८ च्या मोसमात पाऊल ठेवले आणि पहिले विजेतेपद २०१७-१८ मध्ये, इंदूरला दिल्लीला हरवून मिळवले. साठ वर्षे. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते, फैज फजल कर्णधार होता, आणि रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी पुन्हा जिंकलो. मरिनर्सची ही ४९ वर्षे म्हणजे अजून पोर वय आहे.

आणि टोरांटोचे उट्टे काढायचे असेल तर तेही उदाहरण आहे. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात आम्ही वानखेडेवर मुंबईकडून हरलो. पुढच्या मोसमात त्याच मुंबईला उपांत्य फेरीत नागपुरात हरवले आणि करंडक जिंकला.

दख्खनची राणी
नागपूरकर, महाराष्ट्राच्या चाहतीसमोर रणजी करंडक काढणे म्हणजे जखमेवर मीठ आहे. प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोन विजेतेपदे आली, आणि त्यानंतर आम्ही पाहतोच आहोत. २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठली, तर कर्नाटकने हरवले. मरिनर्स मला इतके घरचे का वाटले, याचे उत्तर या धाग्यामुळे सापडले.

जुना किंगडोम
मी १९९३ पासून सिएटलमध्ये आहे आणि येथील बहुतेकांपेक्षा वयाने मोठा असेन, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी आलो तेव्हा संघ किंगडोम नावाच्या काँक्रीटच्या घुमटात खेळत असे. १९९४ च्या जुलैमध्ये सामन्याच्या काही तास आधी छताच्या फरशा खुर्च्यांवर कोसळल्या. सुदैवाने प्रेक्षक आलेले नव्हते. नवे मैदान बांधून द्यावे की संघाला दुसऱ्या शहरात जाऊ द्यावे, असा वाद गावभर चालू होता. १९९५ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला संघ पहिल्या क्रमांकापासून १३ सामने मागे होता, आणि खरे सांगायचे तर आम्ही कार्यालयात त्यांच्या निरोपाचीच भाषा करत होतो. मग ते जिंकू लागले. शेवटी कॅलिफोर्निया एंजल्सशी बरोबरी झाली, एका सामन्यावर निकाल ठरला आणि रँडी जॉन्सनने तो ९-१ असा जिंकून दिला. सप्टेंबरमध्ये किंग काउंटीच्या (सिएटलच्या जिल्ह्याच्या) मतदारांनी मैदानासाठीचा कर थोड्या मतांनी नाकारला होता, आणि ऑक्टोबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन बोलावून पैशाची दुसरी वाट काढली. त्या दोन तारखांच्या मध्ये ८ ऑक्टोबर आहे. त्या दिवशी अकराव्या इनिंगमध्ये एडगर मार्टिनेझने डाव्या कोपऱ्यात चेंडू मारला, जोई कोरा धावत आला आणि त्याच्यामागून ग्रिफी पहिल्या बेसपासून जो निघाला तो थेट घरी येऊन लोळला. यांकीज ६-५ ने हरले. न्यूयॉर्कवासी यांनी याची नोंद घ्यावी.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, शहरात माझे स्वतःचे असे कोणी नव्हते, आणि त्या रात्री अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. त्याच संघाने पुढच्या फेरीत क्लीव्हलंडकडून मार खाल्ला, वर्ल्ड सिरीज हुकली, पण त्या वर्षाला अपयश म्हणणारा माणूस मला या गावात अजून भेटलेला नाही. धागाकर्त्यांनी "वर्ल्ड सिरीजपेक्षा कमी आले तर मोसम वाया" हा जो पर्याय ठेवला आहे, तो मला म्हणूनच पटत नाही. फेलिक्स हर्नांडेझने २०१२ साली एकही फलंदाज बेसवर न जाऊ देता पूर्ण सामना टाकला, येथे पंधरा वर्षे घालवली आणि प्लेऑफचा एकही चेंडू न टाकता तो गेला. त्याचे मोसम वाया गेले काय?

माझी यंदाची अपेक्षा लहान आहे. इचिरोचा ५१ क्रमांक गेल्या ऑगस्टमध्ये निवृत्त केला, आणि यंदा रँडी जॉन्सनचा तोच क्रमांक त्याच्या शेजारी लागणार आहे. त्या दिवशी नातीला घेऊन जायचे आहे. ता. क. किंगडोम सुरुंग लावून पाडला तो दिवस २६ मार्च २००० होता. यंदाचा पहिला सामनाही २६ मार्चलाच आहे.

शंकासुर
काका, तुमच्या प्रतिसादानंतर वाद घालण्याची इच्छा राहिली नाही, पण एका मुद्द्यावर घालतो. हर्नांडेझचे मोसम वाया गेले नाहीत, परंतु त्याच्याभोवती संघ उभा न करणाऱ्यांनी ते वाया घालवले. चाहत्यांनी थोडक्यात समाधान मानले की मालकांचेही भागते. आपल्या संघाचे प्रमुख जेरी डिपोटो यांनी २०२३ साली सांगितले होते की दहा वर्षांत सरासरी ५४ टक्के सामने जिंकणे हे ध्येय आहे. ५४ टक्के म्हणजे साधारण ८७ किंवा ८८ विजय. त्या वर्षी आपण ८८ जिंकले आणि घरी बसलो!

आकडेमोड
त्या विधानावर सगळ्यांनी त्यांची थट्टा केली, मीही केली, पण गणित चुकीचे नाही. दरवर्षी शर्यतीत राहणाऱ्या संघाला कधीतरी दार उघडे सापडते. गेल्या वर्षीचे प्रमाण साडेपंचावन्न टक्के होते. चूक झाली ती हे वाक्य एका सामन्याने हुकलेल्या चाहत्यांना तोंडावर सांगण्यात. परीक्षेत एका गुणाने नापास झालेल्या मुलाला त्याची दहा वर्षांची सरासरी कोणी सांगत नाही.

इमली
येथे सर्व जण पिचर आणि क्लोजर यांविषयी बोलत आहेत, पण गेल्या सप्टेंबरमधील खऱ्या कारणाचा उल्लेख कोणी केला नाही. संघ अडखळत होता तेव्हा एका चाहत्याने एत्सी या संकेतस्थळावर पैसे भरून एका चेटकिणीकडून मरिनर्ससाठी मंत्र टाकवून घेतला, आणि त्यानंतर संघाने सलग १० सामने जिंकले. मैदानावर चेटकिणीच्या टोप्या घातलेले लोक दिसू लागले होते. यंदा तो मंत्र मार्चमध्येच टाकावा आणि त्यात ऑक्टोबर अखेरपर्यंतची मुदत स्पष्ट लिहून घ्यावी, ही माझी नम्र सूचना आहे.

नागपूरकर
चौदा वर्षे संगणक अभियांत्रिकी करून शेवटी लिंबू-मिरचीवर आलात, हे वाचून बरे वाटले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची सिएटल शाखा काढावी लागेल.

इमली
लिंबू-मिरची परवडली. आमच्या मैदानावर भाजलेले नाकतोडे तिखट-लिंबू लावून विकतात आणि लोक ते शेंगदाण्यांसारखे खातात. मी एकदा, २०२२ मध्ये, शिवरात्रीचा उपास नसलेल्या दिवशी, एक खाल्ला. कुरकुरीत होता. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये गेलो, म्हणून दरवर्षी एक खाते.

सरोवरकाठी
इतके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. मूळ प्रश्नाचे उत्तर मी स्वतः दिलेले नाही, ते आता देतो.

धागा लिहिताना मी मनाशी ठरवले होते की यंदा वर्ल्ड सिरीज, नाही तर काही नाही. किंगडोमकाकांचा प्रतिसाद वाचून तो हट्ट सोडला, पण शंकासुर यांचा वाचून पूर्णपणे सोडला नाही. आकडेमोड यांनी बॉस्टन आणि शिकागो शेजारीशेजारी ठेवले ते मला सर्वांत उपयोगी वाटले. आपण त्या दोघांपैकी कोण, हे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कळेल, कारण खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते तेव्हा संघ पैसे आणि तरुण खेळाडू बाहेर काढतो की नाही ते दिसते. गेल्या जुलैमध्ये नेलर आणि सुआरेझ आणले होते. यंदाही तेव्हा आपण पहिल्या क्रमांकाच्या जवळ असू आणि पुन्हा तसाच हात सैल सोडला जाईल, ही माझी अपेक्षा. कोल्ट एमरसनसारख्या मुलाला त्यासाठी देऊन टाकू नये, ही दुसरी. आणि ऑक्टोबरमध्ये टोरांटोच समोर यावा, ही तिसरी. टोरांटोकर, तुमच्या चपला दाराबाहेर सुरक्षित आहेत.

एप्रिलमध्ये साताऱ्याहून आई-वडील येत आहेत. बाबांना पहिल्यांदाच मैदानावर नेणार आहे. त्यांनी फोनवर विचारले, "सामना अनिर्णित राहिला तर?" मी सांगितले की येथे अनिर्णित नसतो, कोणी जिंकेपर्यंत खेळतात. त्यावर ते म्हणाले, "मग जेवण बरोबर घेऊ."

टोरांटोकर
बाबांना आमच्या डॉजर्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्याबद्दल सांगू नका. तो १८ इनिंग चालला. दोन जेवणे लागतील.

निरांजन
मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहीत आहे. धागाकर्ते हे माझे यजमान आहेत आणि त्यांनी न सांगितलेली गोष्ट अशी की हळदीकुंकू गालिच्यावर सांडले, गालिचा पांढरा होता, आणि तो डाग अजून आहे. त्यावर आता एक कुंडी ठेवलेली आहे.

बेसबॉलमध्ये मला रस नाही, परंतु कालनिर्णय पाहिले. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते, आणि यांच्याकडून असे कळते की वर्ल्ड सिरीज सात सामने झाली तरी ऑक्टोबरच्या अखेरीस संपते. तेव्हा संघाने यंदा जिथपर्यंत जायचे तिथपर्यंत जावे, माझी हरकत नाही. तबक मी धरीन.